माशांच्या टाकीला वास का येतो?

लेकरांच्या हट्टापायी आता खेड्यातल्या घरातही काचेची माशांची टाकी दिसू लागली आहे. पंधरा दिवसांत तिला वास सुटला की पहिला बोल घरच्या बाईला! मग ती बिचारी सगळं पाणी ओतते, खडे घासते, नवं पाणी भरते. चार दिवसांत मासे मरतात, वास मात्र परत हजर.

वास माशांचा नसतो. उरलेलं खाद्य आणि माशांची घाण कुजून अमोनिया तयार होतो, गोठ्यात मुताचा नाकाला झोंबतो तोच. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात; ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे विरजणासारखंच आहे. भांडं लख्ख घासलं की विरजणही गेलं. म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा. साबण तर लावूच नये. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तळाच्या गाळाला हवा मिळत नाही असं समजा. तो गाळ नळीने काढावा. नळी आधी पाण्याने भरून घ्यावी, तोंडाने ओढू नये.

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच टाका. आमच्या मते निम्मा वास इथेच थांबतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या बीडकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तिथे माशांना पाणी कुठलं? आठवड्याला चौथा हिस्सा बदलला तरी पुरतं. वीस लिटरच्या टाकीला पाच लिटर. काढलेलं पाणी मिरची-वांग्याला घाला, त्यातलं नायट्रेट म्हणजे खतच. नवं पाणी ब्लिचिंग पावडरचं असेल तर उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग ओता, नाहीतर क्लोरीन माशांना आणि त्या जिवाणूंनाही मारतं.

वापराच्या पाण्याच्या हौदात आरोग्य खात्याचे गप्पी मासे सोडलेले असतील, तर त्यांना वरून भात-पोळी टाकू नका. डासांच्या अळ्या हेच त्यांचं जेवण. अन्न टाकलं की गप्पी अळ्या सोडून तेच खातात, आणि हौद नासतो. मेलेला मासा दिसला की लगेच काढा.

कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे बिंदुसरेत किंवा विहिरीत सोडू नयेत. बाहेरचे मासे वाढले की आपल्या नदीतल्या मूळच्या माशांचं खाणं हिरावतं. ज्यांना हवेत त्यांना देऊन टाका.