आपल्या ताटातली भाजी कोणाच्या शेतातली?



दुपारची घंटा झाली की आपण हात धुऊन पंगतीत बसतो. काकू खिचडी वाढतात. ती खाताना ही डाळ, ही भाजी कोणाच्या शेतातून आली, हे आपण कधी विचारत नाही. मीही विचारत नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाबांनी टोमॅटोचे बारा क्रेट बाजारात नेले. भाव पडलेला होता. टेम्पोचे भाडे आणि हमाली जाऊन हाती काहीच उरले नाही. बाबा आईला म्हणाले, "ह्यापेक्षा जनावरांना घातली असती तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या ताटात टोमॅटोच्या दोन फोडी आल्या. घरी टोमॅटो सडतात आणि शाळेत दोनच फोडी, असे का? मी गुरुजींना विचारले. त्यांनी समजावले ते येथे लिहितो.

सरकार काय देते?

शाळेतील आहाराची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. तुमच्यापैकी काही पालकांनी तो पिशवीतून नेलाही असेल. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला. मग शाळाशाळांत चूल पेटली. २०२१ साली या योजनेला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण हे नाव मिळाले.

यात तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. त्याचे पैसे केंद्र सरकार भरते. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन यांसाठी वेगळी रक्कम असते. तिच्यात केंद्राचा वाटा शंभरात ६० रुपये आणि राज्याचा ४० रुपये. १ मे २०२५ पासून ही रक्कम पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे अशी झाली.

किती माल लागतो?

पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावीच्या पुढच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एका शाळेत लहान मुले ४० आणि मोठी २० आहेत.

भाजी : ४० × ५० = २००० ग्रॅम; २० × ७५ = १५०० ग्रॅम. रोजची ३.५ किलो.
डाळ : ४० × २० = ८०० ग्रॅम; २० × ३० = ६०० ग्रॅम. रोजची १.४ किलो.

शाळा वर्षाला २०० दिवस भरली, तर भाजी ७०० किलो आणि डाळ २८० किलो लागेल. म्हणजे भाजी सात क्विंटल! एवढीशी शाळा, पण ती रोजचे आणि खात्रीचे गिऱ्हाईक आहे. हे पैसे सरकार देणारच आहे. ते बाजारपेठेतल्या दुकानात जायचे की गावातल्या शेतकऱ्याच्या हातात पडायचे, एवढाच प्रश्न आहे.

ब्राझील देशाने काय केले?

गुरुजींनी नकाशावर दक्षिण अमेरिकेतला ब्राझील दाखवला. भूगोलात आपण कॉफीचा देश म्हणून तो शिकतो. तेथे शाळेतील जेवण १९५५ पासून आहे आणि आज सुमारे चार कोटी मुले ते जेवतात. भात आणि घेवड्याची उसळ हे त्यांचे नेहमीचे जेवण.

२००९ साली त्यांनी एक कायदा केला. केंद्र सरकार शाळांच्या जेवणासाठी जी रक्कम देते, तिच्यातील निदान शंभरात ३० रुपयांचा माल लहान शेतकरी कुटुंबांकडूनच घ्यायचा. त्यातही जवळच्या शेतकऱ्याला पहिला मान. २०२६ पासून हा वाटा ४५ रुपये करण्याचा कायदा झाला आहे.

त्यांची रीत अशी. आहारतज्ज्ञ आपल्या भागात केव्हा काय पिकते ते पाहून जेवण ठरवतात. मग कोणता माल, किती आणि केव्हा हवा, हे जाहीर करतात. जवळच्या बाजारांतले भाव पाहून खरेदीचा भावही आधीच सांगतात. सर्वांत कमी भाव बोलेल त्याचाच माल घ्यायचा, असे तेथे नसते. एका कुटुंबाकडून वर्षाला ठराविक रकमेपर्यंतच खरेदी होते, त्यामुळे एकटाच मोठा होत नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्या सरकारनेही २०२१ साली गावात पिकणाऱ्या पारंपरिक पदार्थांना उत्तेजन द्यावे, महिला बचत गट व शेतकऱ्यांच्या कंपन्यांना कामात घ्यावे, असे सांगितले. शाळेच्या परसबागेलाही उत्तेजन आहे. पण ब्राझीलसारखा अमुक इतका वाटा गावातूनच घ्या, असा नियम त्यात नाही. म्हणून सारे गावाच्या मनावर राहते.

अडचणीही आहेत. शाळेला रोज थोडी भाजी लागते आणि शेतात माल एकदम निघतो. बाबांचे बारा क्रेट म्हणजे अडीचशे-तीनशे किलो. एवढे टोमॅटो एक शाळा एका आठवड्यात कशी संपवणार? पण पाच-सहा शेतकऱ्यांनी वार वाटून घेतले, कोणी मेथी, कोणी भोपळा, कोणी गवार लावली आणि शेजारच्या गावच्या शाळाही सामील झाल्या, तर जमेल. पावती मात्र व्यवस्थित ठेवावी लागेल.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत चार सभासदांतले तीन पालक असतात, असा कायदाच आहे. पुढच्या बैठकीत एवढे विचारा : भाजी कोणाकडून येते? कोणत्या महिन्यात गावात काय निघते? भाव आधी ठरवता येईल का?

हा लेख मी घरी वाचून दाखवला. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाव आधी सांगत असतील, तर मी दोन सऱ्या शाळेसाठी धरीन."

— इयत्ता सातवी