राहून गेलेली दहावी

पंढरपुराचें वर्ष चार वाऱ्यांनीं मोजलें जातें : चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. या वाऱ्यांवर ज्यांचा प्रपंच चालतो, त्या चुरमुरे-बत्तासे विकणारांच्या, तुळशीच्या माळा ओवणारांच्या, यात्रेकरूंना घरीं उतरवून घेणारांच्या कुटुंबांत शाळा मध्येंच सुटलेलें एखादें माणूस पुष्कळदां आढळतें. कोणी दुकानावर बसला, कोणी आठवी संपतांच सासरीं गेली. पुढें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट धरावी म्हटलें, तर तेथील अनेक अभ्यासक्रमांना दहावीचें प्रमाणपत्र लागतें. अशा माणसाला अडवितें तें बहुधा अज्ञान नसून परीक्षेच्या स्वरूपाविषयींची भीति असते.

ही भीति जुनी आहे. मुंबई विद्यापीठानें १८५९ सालीं पहिली मॅट्रिक परीक्षा घेतली, तेव्हां ती विद्यापीठांत शिरण्याची कसोटी होती. शालेय शिक्षण पुरें केल्याचा दाखला, हें तिचें रूप मागाहून आलें. १९७५ पासून महाराष्ट्रांत ती अकरावीऐवजीं दहावीच्या अखेरीस होऊं लागली. नांव बदललें, वर्ग बदलला; परंतु ‘मॅट्रिक’ या शब्दाचा धाक मात्र घराघरांतून उरला.

शाळेबाहेरच्या माणसाला आज मुख्यतः दोन मार्ग मोकळे आहेत. पहिला, पुण्याच्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देणें. त्यासाठीं भरावयाच्या अर्जास ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूळ दाखला नसल्यास दुसरी प्रत व प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें. अर्जदारानें एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडावयाची असते, आणि तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक वगैरे गोष्टी तिच्यामार्फत होतात. सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणें विभागांत मोडतो.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. १९७९ सालीं एक प्रयोग म्हणून सुरू झालेलें हें कार्य १९८९ मध्यें स्वतंत्र संस्थेच्या रूपास आलें. येथें वयाचीं चौदा वर्षें पुरीं असलीं, कीं माध्यमिक परीक्षेस नांव नोंदवितां येतें. पांच विषय पुरतात, आणि ते एकाच वेळीं द्यावे लागत नाहींत. नोंदणी पांच वर्षें टिकते, त्या अवधींत नऊ संधी मिळतात, आणि उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो. मराठी माध्यमहि घेतां येतें. उत्तीर्ण होण्यास शेंकडा ३३ गुण लागतात.

राज्य मंडळाच्या परीक्षेंत विषय सहा आणि गुण सहाशें. प्रत्येक विषयाचे ८० गुण लेखी परीक्षेचे व २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. तीन भाषांना प्रत्येकीं एक पत्रिका असते. गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रें यांच्या मात्र चाळीस-चाळीस गुणांच्या दोन पत्रिका होतात. सामान्यतः शंभरांत ३५ गुणांनीं माणूस पार पडतो.

पत्रिका आंतून पाहिली, म्हणजे धीर येतो. मराठी प्रथम भाषेची विभागणी अशी : गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. उपयोजित लेखन म्हणजे पत्र, जाहिरात, बातमी, कथा, निबंध इत्यादि. म्हणजे ८० पैकीं ४० गुण पाठ तोंडपाठ करण्यावर अवलंबून नाहींत. ज्या गृहिणीनें वर्षानुवर्षें घरचा पत्रव्यवहार सांभाळला, तिची निम्मी तयारी संसारानेंच करून घेतली आहे !

गणिताचेंहि तसेंच. चाळीस गुणांच्या पत्रिकेंत पहिला प्रश्न आठ गुणांचा, तोहि एकेका गुणाच्या सोप्या उपप्रश्नांचा. शिवाय दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांत मिळून सात गुण अशा कृतींना असतात, कीं उदाहरणाच्या पायऱ्या छापलेल्या असून केवळ रिकाम्या चौकटी भरावयाच्या. हे झाले पंधरा. दोन्ही पत्रिका मिळून तीस. अंतर्गत मूल्यमापनाचे थोडे गुण त्यांत पडले, कीं पस्तिसांचा आंकडा दूर राहत नाहीं. अवघड उदाहरणांना भिऊन गणितच सोडून बसणारानें हा हिशेब आधीं मांडावा.

राहतां राहिली वेळ. मंडळाची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्यें, म्हणजे माघीची गर्दी ओसरण्याच्या सुमारास येते. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्यें, ऐन आषाढीच्या धामधुमीजवळ. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदां होतात. त्यांपैकीं दुसरी कार्तिकीला लागून. यास्तव पंढरींत दुकान चालविणारानें मुक्त विद्यालयाचे विषय वांटून घ्यावे : उन्हाळ्यांत तीन, कार्तिकींत फार तर एक. सतरा नंबरचा फॉर्म बहुधा आषाढी आटोपल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतो. नेमकी तारीख मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावी, किंवा जवळच्या माध्यमिक शाळेंत विचारावी.

घरांतील मंडळींनींहि एक गोष्ट लक्षांत ठेवावी. चाळिशींत परीक्षेला बसणाऱ्या सुनेला फी-पुस्तकांपेक्षां दुर्मिळ असतो तो रोजचा निवांत तास. तेवढा तिच्यासाठीं राखून ठेविला, तर पुढचें काम ती आपल्या हिमतीनें करूं शकेल.