मोटारींतील ठोका व त्याचा शोध

कोंकणांतून देशावर माल नेणाऱ्या शेतकरी बंधूंस घाटाची चढण कांहीं नवी नाहीं. तीन वर्षांमागें वैशाखांत हापूसच्या पेट्या भरून आम्ही आमच्या जुन्या पेट्रोलच्या जीपनें साखरप्याहून आंबा घाट चढूं लागलों, तों पहिल्या मोठ्या वळणानंतर इंजिनांतून खटखट असा आवाज येऊं लागला. पत्र्याच्या डब्यांत कोणी गोट्या हलवाव्या तसा तो होता. कोल्हापूरचा बाजार गांठावयाचा होता, आणि पिकत आलेला आंबा कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून गाडी तशीच हांकली. परत आल्यावर ती मिस्त्रींस दाखविली. त्यांनीं क्षणभर कान दिला व निकाल सांगितला कीं, बेअरिंग गेलें, इंजिन उतरावें लागेल. त्यांनीं काढलेला खर्च त्या हंगामाच्या निम्म्या नफ्याइतका होता.

पैशाची सोय होईपर्यंत आम्हीं एकच केलें: आवाज केव्हां येतो व केव्हां येत नाहीं हें लिहून ठेविलें. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतें फिरविलें तर आवाज नाहीं. सपाट रस्त्यावर नाहीं. सकाळीं इंजिन थंड असतां नाहीं. ओझें, चढण व वरचा गिअर हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे तो येतो, आणि ॲक्सिलरेटरवरील पाय किंचित् उचलतांच नाहींसा होतो. बेअरिंग झिजलें असतां ठोका जड व खोल असतो, आणि तेलाचा दाबहि बहुधा उतरलेला दिसतो. व्हॉल्व्हची टकटक गाडी उभी असतांहि ऐकूं येते व इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होते. आमचा आवाज या दोहोंत बसेना. तें टिपण घेऊन आम्ही दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं इंजिनास हात न लावतां प्रथम ठिणगीची वेळ तपासली. आदल्या महिन्यांत पॉइंट बदलतांना ती बरीच पुढें सरकली होती. म्हणजे ठिणगी वाजवीपेक्षां लवकर पडत होती. ती त्यांनीं मागें घेतली, आणि ठोका गेला. पुढें सवडीनें इंजिनाचा माथा उघडून आंत सांचलेली काजळीहि खरवडून घेतली.

असें कां व्हावें, हें त्या वृद्ध मिस्त्रींस सांगतां येईना. त्यांचा कान जाणता होता, एवढेंच. आम्ही कारण शोधूं लागलों तों असें आढळलें कीं, याच ठोक्यानें शंभर वर्षांमागें मोठमोठ्या इंजिनियरांस घोळांत घेतलें होतें, आणि त्याच्या उपायाचा एक धागा थेट आपल्या उसाच्या फडापर्यंत येतो. ती हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

चार्ल्स केटरिंग हे अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत १८७६ सालीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मले. त्या काळीं मोटार सुरू करण्यास पुढें उभें राहून हँडल मारावें लागे, व त्यांत कित्येकांचे हात मोडत. केटरिंग यांनीं विजेनें इंजिन सुरू करण्याची युक्ति काढली, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत ती बसली. त्याच मोटारींतील दिव्यांची व ठिणगीची नवी योजनाहि त्यांचीच होती. पुढें ठोक्याच्या तक्रारी होऊं लागल्या, तेव्हां दोष अर्थातच नव्या वस्तूवर आला. केटरिंग यांची ठिणगीच वाईट, असें लोक म्हणूं लागले. केटरिंग यांस तें पटेना.

प्रश्न केवळ आवाजाचा नव्हता. सिलिंडरांतील मिश्रण जितकें अधिक दाबावें तितकी त्याच इंधनांतून शक्ति अधिक मिळते. पण दाब वाढविला कीं ठोका आलाच. म्हणून त्या वेळचीं इंजिनें मिश्रण सुमारें चौपटच दाबीत. आजच्या मोटारी दहापट दाबतात. १९१६ च्या सुमारास केटरिंग यांच्या मंडळीनें शेतकऱ्यांच्या घरीं वीज देणारे लहान संच विकावयास काढले, कारण तेथील बहुतेक शेतघरांपर्यंत तारा पोंचल्या नव्हत्या. हे संच रॉकेलवर चालत, आणि रॉकेलवर ठोका फारच बसे. त्याचा छडा लावण्याचें काम टॉमस मिजली या सत्तावीस वर्षांच्या तरुणाकडे आलें.

ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटतें व त्याचा ठोका ऐकूं येतो, असा अनेकांचा समज होता. सिलिंडरांतील दाब क्षणोक्षणीं कसा चढतो याची मिजलींनीं नोंद घेतली, तेव्हां उलटेंच दिसलें. ठिणगी वेळेवर पडे, जाळ नीट चालूं लागे, आणि नंतर शेवटीं दाब एकाएकीं उसळे. आपण उसाचें पाचट एका कडेनें पेटविलें म्हणजे जाळ सरकत सरकत पलीकडे जातो. पण पलीकडची कड तापून, जाळ पोंचण्याआधींच तेथील सर्व पाचट एकदम भडकलें तर? सिलिंडरांत नेमकें तेंच होतें. न जळलेला शेवटचा भाग दाबानें व उष्णतेनें आपोआप पेटतो, आणि त्याचा तडाखा धातूच्या भिंतींस बसतो. ठिणगी लवकर पडली किंवा काजळीनें जागा कमी झाली तर त्या शेवटच्या भागावरील दाब आणखी वाढतो, म्हणून आमची जीप घाटांत खटखटली. परंतु हा भाग किती सहन करील, हें मुळांत इंधनाच्या जातीवर ठरतें. केटरिंग यांची ठिणगी निर्दोष होती.

पुढचें पाऊल मात्र चक्क चुकीच्या तर्कानें पडलें. बर्फ पुरतें वितळण्यापूर्वींच फुलणारी एक लहान वेल तिकडील रानांत होते; तिच्या पानांची मागील बाजू तांबूस असते. तांबडा रंग उष्णता लवकर शोषीत असेल, तर रॉकेल तांबडें केल्यास तें लवकर वाफाळेल व नीट जळेल, असें दोघांच्या मनांत आलें. प्रयोगशाळेंत तांबडा रंग मिळेना, म्हणून मिजलींनीं आयोडिन घातलें, आणि ठोका खरोखर कमी झाला! मग त्यांनीं खरे तांबडे रंग आणून पाहिले, तर कशानेंहि कांहीं होईना. उलट आयोडिनच्या बिनरंगी संयुगानें गुण आला. रंगाचा तर्क फुकट गेला, पण इंधनांत थोडेंसें कांहीं मिसळून ठोका थांबवितां येतो हें कळलें. आयोडिन महाग व धातूस खाणारें. टेल्युरियमच्या संयुगांस लसणीसारखी असह्य घाण येई. असे अनेक पदार्थ पाहतां पाहतां १९२१ सालच्या ९ डिसेंबरला शिशाचें एक तेलकट संयुग हातीं लागलें. गॅलनास सुमारें तीन घनसेंटिमीटर पुरे, आणि ठोका बंद. १९२३ च्या फेब्रुवारींत तें पेट्रोल डेटन शहरीं विक्रीस आलें.

येथें शेतकऱ्यानें क्षणभर थांबून पाहावें असा भाग आहे. ठोका थांबविणारा दुसरा पदार्थ मिजलींस आधींच ठाऊक होता, तो म्हणजे मद्यार्क. १९२० सालीं त्यांनीं मद्यार्कमिश्रित इंधनाच्या पेटंटासाठीं अर्ज केला होता, आणि शिशाच्या शोधाच्या दोनच महिने आधीं, १९२१ च्या ऑक्टोबरांत, असल्या मिश्रणावर डेटनहून इंडियानापोलिसपर्यंत स्वतः मोटार नेऊन इंजिनियरांच्या सभेंत त्याची वाखाणणी केली होती. पण मद्यार्क भरपूर घालावा लागतो, शिसें थेंबभर पुरतें. शिवाय मक्यापासून वा मळीपासून मद्यार्क कोणीहि काढील. शिशाच्या युक्तीवर मालकी सांगतां येत होती. आमच्या मतें हें दुसरें कारणच वजनदार ठरलें.

त्याचा मोबदला भयंकर होता. शिशाच्या विषामुळें खुद्द मिजलींस १९२३ च्या आरंभीं विश्रांति घ्यावी लागली. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील एका कारखान्यांत पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी त्याच महिनाअखेर मिजलींनीं वृत्तपत्रकारांसमक्ष त्या द्रवानें हात धुऊन दाखविले. १९२५ सालीं विक्री थांबली, पण पुढील वर्षीं पुन्हा सुरू झाली, आणि जगांतील मुलें कित्येक दशकें शिशाचा धूर श्वासांत घेत राहिलीं. हिंदुस्थानांत असलें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांत मोटारींसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तेथें २०२१ सालीं.

आपल्या देशांत पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचा कायदा १९४८ सालींच झाला होता. तथापि शेंकडा पांच मिश्रणाची योजना महाराष्ट्रासह नऊ राज्यांत २००३ सालीं सुरू झाली. शेंकडा दहाचें प्रमाण २०२२ सालीं व वीसचें २०२५ सालीं गांठलें गेलें. या मागणीनें साखर कारखान्यांच्या मळीस व उसाच्या रसास, आणि अलीकडे मक्यासहि, नवें गिऱ्हाईक मिळालें. मात्र तें गिऱ्हाईक सरकारी हुकमाच्या अधीन आहे: उत्पादन घटण्याच्या भीतीनें ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून मद्यार्क काढण्यावर एकाएकीं बंदी आली, लगेच ती कांहीं अंशीं सैल झाली, व २०२४ च्या ऑगस्टांत उठली. ज्या कारखान्यांनीं कर्ज काढून मद्यार्काचीं यंत्रें बसविलीं होतीं, त्यांच्या सभासदांस हे महिने कसे गेले हें विचारावें.

आमच्या जीपपुरतें सांगावयाचें तर, मद्यार्क ठोक्यास चांगला आवर घालतो, हें घाटांत दिसून आलें. पण मापास माप धरतां त्यांत पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांशच उष्णता असल्यामुळें गाडी एका लिटरला थोडी कमी चालते, आणि जुन्या रबरास तो मानवत नाहीं. गेल्या चैत्रांत पेट्रोलची रबरी नळी फुगून पाझरूं लागली. इंजिनाच्या उष्णतेजवळ पेट्रोल ठिबकणें हें खटखटीपेक्षां कितीतरी अधिक धोक्याचें; म्हणून पेट्या भरण्यापूर्वीं आम्हीं नळी व कार्ब्युरेटरांतील रबरी चकत्या मद्यार्कास टिकणाऱ्या घालून घेतल्या, आणि मगच गाडी घाटास लावली.