धरणाच्या वरची गावं, धरणाखालची मतं

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात पुढाऱ्याचा दिवस दशक्रियेने सुरू होतो. सकाळी आठच्या सुमाराला नदीच्या घाटावर मंडळी जमलेली असतात. प्रवचन संपत येतं आणि सूत्रसंचालक एकेकाला श्रद्धांजलीसाठी पुकारू लागतो. सोसायटीचे चेअरमन, सरपंच, कारखान्याचे संचालक आणि शेवटी ज्यांच्या मनात आमदारकी आहे ते. बोलायला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात गेलेल्या माणसाचं नाव, त्याच्या मुलांची नावं आणि त्याने आयुष्यात केलेलं एक तरी काम अचूक सांगावं लागतं. चूक झाली तर ती वर्षानुवर्षं लक्षात राहते, कारण समोर बसलेले सगळे एकमेकांचे पाहुणे असतात.

2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी मी इथल्या एका माजी जिल्हा परिषद सदस्यासोबत फिरलो. मोठ्या पदाची आस असलेला माणूस दिवसभर नेमकं काय काम करतो, हे मला जवळून पाहायचं होतं. त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांच्यासारखी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांच्या कामाची रीतही बहुतेक एकच आहे.

घाटावरून गाडी निघाली की फोन सुरू होतात. कुणाचा डीपी जळालाय आणि कांद्याची रोपं वाळतायत. कुणाची फेरफाराची नोंद अडलीय. कुणाला मंचरच्या सरकारी दवाखान्यातून पुण्याला हलवायचंय. आदिवासी आश्रमशाळेतल्या मुलीचा जातीचा दाखला घोडेगावच्या कचेरीत पडून आहे. फोन ठेवताच ते महावितरणच्या अभियंत्याला, तलाठ्याला, डॉक्टरला लावतात. शेजारी बसलेला कार्यकर्ता वहीत नाव, गाव, काम आणि तारीख लिहून घेतो. रात्री घरी पोचल्यावर ही वही पुन्हा उघडली जाते आणि झालेल्या कामांपुढे खूण पडते. काम झालं असेल तर तसा फोन जातो. झालं नसेल तरीही जातो. “नाही झालं म्हणून सांगितलं, तर माणूस रागावतो. सांगितलंच नाही, तर तो तुटतो,” असं ते मला म्हणाले. या धंद्यातलं इतकं खरं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

हे सगळं ते कोणतंही पद नसताना करत होते. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसला. सेस फंड नाही, सभेत प्रश्न विचारायची जागा नाही, पण लोकांचे फोन मात्र तेवढेच. खालून वर जाणाऱ्या माणसासाठी जिल्हा परिषद ही शिकायची जागा असते. अंदाजपत्रक वाचणं, अधिकाऱ्याला कागदावर बांधून घेणं, विरोधकाशी वाटाघाट करणं तो तिथे शिकतो. इतकी वर्षं ती जागा बंद राहिल्याने नव्या माणसांचं झालेलं नुकसान कुणी मोजलेलं नाही.

या भागात वर जायच्या वाटा थोड्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक सहकारातून जातात. विकास सोसायटी, बाजार समिती, दूध संघ, साखर कारखाना. दिलीप वळसे पाटील शरद पवारांचे स्वीय सहायक होते. वळसे पाटलांचे वडील दत्तात्रय हे आमदार होते. 1990 मध्ये दिलीप वळसे पाटील स्वतः आंबेगावातून विधानसभेत गेले, पुढे भीमाशंकर साखर कारखाना उभा केला, मंत्री झाले, 2009 ते 2014 विधानसभेचे अध्यक्ष होते, नंतर गृहमंत्रीही झाले. त्यांच्याच तालमीत वाढलेले देवदत्त निकम बाजार समितीचे सभापती आणि कारखान्याचे अध्यक्ष झाले. 2014 मध्ये ते शिरूर लोकसभेला उभे राहिले आणि शिवाजीराव आढळराव पाटलांकडून सुमारे तीन लाख मतांनी हरले. त्याआधी, 1989 मध्ये, मंचरचे किसनराव बाणखेले जनता दलातर्फे जुन्या खेड लोकसभा मतदारसंघातून खासदार झाले होते.

लोकसभेची पायरी आता मात्र वेगळ्याच उंचीची आहे. 2008 च्या फेररचनेनंतरच्या शिरूर मतदारसंघात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरबरोबर भोसरी आणि हडपसरही आले. दशक्रियेतली ओळख हडपसरच्या सोसायट्यांच्या फाटकापाशी संपते. लागोपाठ तीनदा खासदार झालेल्या आढळरावांना 2019 मध्ये डॉ. अमोल कोल्हे यांनी हरवलं. कोल्हे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे, पण शहरातल्या घराघरांत ते पोचले होते छत्रपती संभाजी महाराजांच्या टीव्ही मालिकेतल्या भूमिकेतून.

आमची गाडी दुपारनंतर डिंभ्याकडे वळली. ज्या आंबेगावच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, ते गाव या धरणाच्या पाण्याखाली आहे. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. विदेशी कापडाचा ट्रक अडवताना 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत जीव दिलेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. धरणाच्या भिंतीपासून पुढे रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत फुलवडे, बोरघर, आसाणे, माळीण, आहुपे अशा महादेव कोळी समाजाच्या गावांकडे जातो.

इथे फोनला रेंज कमी आणि प्रश्न वेगळे. हिरड्याची खरेदी कधी सुरू होणार? जून 2020 च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडं पडली, त्यांच्या भरपाईचं काय? त्यासाठी किसान सभेला वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी कुणी कसायच्या? तलावातल्या मासेमारीचा हक्क कुणाचा? गाळपेर, पडकई (डोंगरउतारावर भातखाचरं तयार करणं) आणि मासेमारी या तिन्ही प्रश्नांवरचं इथलं काम कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने लोकांना बरोबर घेऊन केलं. 2012 मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या कामात कुणाचीही आमदारकीची वाट नव्हती.

एका पारावर बैठक झाली. वयस्क बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण डोंगराला भेग पडलीय, ती बघायला कुणी येत नाही.” 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसं गेली. इथे भेग हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. दादांनी वहीत लिहून घेतलं, मान हलवली, पण या वेळी फोन लावला नाही. परतताना गाडीत मी कारण विचारलं. ते म्हणाले, “कुणाला लावू? हे तलाठ्याचं काम नाही. भूवैज्ञानिक आणायचे, गाव हलवायचं तर जमीन शोधायची, वनखात्याची परवानगी काढायची. हे मंत्रालयातलं काम आहे. त्यासाठीच तर वर जायचंय.”

त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं आणि त्याच वेळी काळजीही वाटली. वर जायचा हिशेब धरणाच्या खाली मांडला जातो. आंबेगाव मतदारसंघात शिरूर तालुक्यातलीही गावं येतात. उसाची, कांद्याची, दाट वस्तीची. डोंगरातली वस्ती विरळ, मतं थोडी. खालच्या गावांत एकच शब्द चालतो: कालव्याच्या पाण्याचं आवर्तन. ते कधी सुटणार, किती दिवस चालणार, शेवटच्या शेतापर्यंत पोचणार का. डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतलं हे सर्वांत मोठं. त्याचा उजवा कालवा आंबेगाव-शिरूरला पाणी देतो. डाव्या कालव्यातून पाणी येडगावला जातं आणि तिथून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. डिंभे ते माणिकडोह बोगद्याच्या प्रस्तावावरून दोन जिल्ह्यांत वाद पेटला, तो याच पाण्यासाठी. 2023 च्या राष्ट्रवादी काँग्रेसमधल्या फुटीत अजित पवारांबरोबर जाण्यामागचं कारण सांगताना वळसे पाटलांनीही हाच मुद्दा लोकांपुढे मांडला.

2024 च्या निवडणुकीत हे सगळं एका जागी आलं. वळसे पाटलांसमोर निकम उभे राहिले, शरद पवारांच्या पक्षाकडून. वळसे पाटील आठव्यांदा निवडून आले, पण अवघ्या 1,523 मतांनी. देवदत्त निकम याच नावाचा एक अपक्ष ट्रम्पेट चिन्हावर उभा होता, त्याला 2,965 मतं पडली. इतक्या थोड्या मतांवर निकाल फिरतो, तेव्हा आहुपे-बोरघरची मतंही थोडी राहत नाहीत. ही गोष्ट डोंगरातल्या लोकांनी आणि पुढाऱ्यांनीही नीट ओळखायला हवी.

दशक्रियेला जाणं, वही ठेवणं, रात्री उशिरा फोन उचलणं, या कामाबद्दल मला आदर आहे. सरकार लोकांपर्यंत पोचत नाही, तिथे ही माणसं पोचतात. पण निवडून येण्यासाठी जे काम करावं लागतं आणि निवडून आल्यावर जे करायचं असतं, ती दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात माणसाच्या अडचणीला उत्तर लागतं. दुसऱ्यात पाण्याचं वाटप, हिरड्याचा भाव आणि डोंगराची भेग यांवर निर्णय लागतो, तोही खालच्या काही गावांची नाराजी पत्करून. पहिल्या कामाची परीक्षा मतदार रोज घेतात. दुसऱ्याची पाच वर्षांत एकदाही नीट घेतली जात नाही.

म्हणून मोठ्या पदाची इच्छा असलेला माणूस दारात आला की आपण आपल्या अडलेल्या कामाबरोबर आणखी एक विचारावं: धरणाच्या वरच्या गावांसाठी तुम्ही सभागृहात काय मांडणार आणि त्यासाठी कुणाचा राग ओढवून घ्यायला तयार आहात? आपण हे विचारलं, तर वहीत त्यालाही जागा करावी लागेल.