मागे पडलेल्याची गाडी

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणाऱ्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही झाली, आणि तेव्हापासून ‘गेम’ म्हटलं की घरातली मोठी माणसं दचकतात. नागपूरच्या बेसा परिसरातल्या सोसायट्यांमध्ये दिवाळीच्या तोंडावर हाच विषय निघतो आहे. पोराला प्लेस्टेशन घ्यायचं कबूल केलं होतं, आता काय करायचं? उत्तर सरळ आहे. टीव्हीला जोडून, पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीशी या बंदीचा काहीही संबंध नाही. ज्या कायद्याने सट्ट्यासारखे खेळ बंद केले, त्यानेच ई-स्पोर्ट्सना मान्यताही दिली आहे. त्यामुळे घेऊ नये अशी भीती नको. प्रश्न आहे तो काय घ्यावं हा.

25 सप्टेंबर 2025 रोजी शर्यतीच्या खेळांच्या क्षेत्रात दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. टोकियो गेम शोमध्ये ‘फोर्झा होरायझन 6’ जाहीर झाला. तो जपानच्या रस्त्यांवर आहे, आणि 2026 मध्ये आधी एक्सबॉक्स आणि पीसीवर, मग प्लेस्टेशन 5 वर येणार असं तेव्हा सांगितलं गेलं. सगळे मथळे त्यालाच मिळाले. त्याच दिवशी ‘सोनिक रेसिंग: क्रॉसवर्ल्ड्स’ बाजारात आला, त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. माझ्या मते दिवाळीच्या घरासाठी दुसरी बातमी मोठी आहे. ‘फोर्झा होरायझन’ देखणा आहे, पण एका टीव्हीवर शेजारी बसून दोघांना तो खेळता येत नाही. ‘क्रॉसवर्ल्ड्स’मध्ये पडद्याचे चार भाग होतात आणि चौघं एका सोफ्यावर खेळतात. एप्रिल 2024 मध्ये नवं प्लेस्टेशन 5 आपल्याकडे आलं तेव्हा त्याची किंमत 54,990 रुपये होती. इतके पैसे मोजून घरातल्या एकालाच खोलीत बंद करायचं असेल, तर माझा त्याला विरोध आहे.

अशा शर्यतीच्या खेळांची मुळं समजून घ्यायची तर यू सुझुकी या माणसाकडे जावं लागतं. सेगा कंपनीचा हा रचनाकार. 1986 मध्ये त्याने ‘आउटरन’ आणला. त्याआधी अशा खेळांत गाडी धडकली की स्फोट, आणि खेळ तिथेच थांबायचा. सुझुकीला ते पटत नव्हतं. ‘द कॅननबॉल रन’ या सिनेमाने तो भारावला होता आणि त्याला शर्यतीपेक्षा गाडी चालवण्याचा आनंद पकडायचा होता. त्यासाठी तो युरोपात गेला, फ्रँकफर्टहून भाड्याच्या गाडीने निघाला, आणि आल्प्स, फ्रान्सचा समुद्रकिनारा, मोनाको, फ्लॉरेन्स, रोम असा फिरत रस्त्यांची दृश्यं गोळा करत राहिला. त्यातून नाणं टाकून खेळायचं जे आर्केड यंत्र झालं त्यात लाल फेरारी टेस्टारोसा होती, शेजारच्या सीटवर मैत्रीण होती, आणि निघण्याआधी रेडिओवरचं गाणं तुम्ही निवडायचं. दर टप्प्याच्या शेवटी रस्ता फुटायचा, डावीकडे की उजवीकडे ते तुम्ही ठरवायचं. एका फेरीत पाच टप्पे, पण फाटे धरून एकूण पंधरा. गाडी उलटली तरी खेळ चालूच. वेळ मात्र कमी व्हायचा.

ती वेळेची घाई नाण्याच्या यंत्राची गरज होती, कारण पुढचं गिऱ्हाईक मागे उभं असायचं. घरात नाणं नाही, रांग नाही, तरी ती घाई टिकली, कारण थरार तिच्यातच आहे. आपल्याकडच्या पस्तिशी-चाळिशीतल्या माणसांना हे वेगळ्या वाटेने कळलेलं आहे. कोनामीचा 1984 चा ‘रोड फायटर’ त्यांनी कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर खेळलेला असतो. 400 चा वेग, डावी-उजवीकडे सरकणाऱ्या गाड्या आणि सतत उतरणारं पेट्रोल. रंगीत गाडीला शिवलं की पेट्रोल वाढायचं, साध्या गाडीला लागलं की आपली गाडी घसरायची. घसरली की त्याच क्षणी सावरायची, नाहीतर कठड्यावर आदळून संपली. नागपुरातल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांतल्या कितीतरी दुपारी, बाहेर 45 अंश असताना, या एका कॅसेटवर निघालेल्या आहेत.

आता यातल्या सगळ्यात सुंदर युक्तीकडे येतो. आर्केड शर्यतीत संगणकाच्या गाड्या तुम्ही पुढे गेलात की जोर लावतात आणि मागे पडलात की जरा हात आखडतात. दोघांमध्ये रबर ताणल्यासारखं अंतर पुन्हा कमी होतं. ‘मारिओ कार्ट’ मालिकेने हे उघडपणे केलं. शेवटच्या नंबरवर असलेल्याला सगळ्यात दणकट हत्यारं मिळतात, पहिल्याला बहुधा केळीची सालं. 1996 च्या ‘मारिओ कार्ट 64’ पासून तर निळं कवच नावाचं हत्यार थेट पहिल्यालाच शोधत जातं. मुरलेल्या खेळाडूंना याचा राग येतो. त्यांचं म्हणणं, एवढी मेहनत करून आम्ही पुढे निघायचं आणि खेळाने आम्हाला मागे ओढायचं? स्पर्धेच्या मैदानात ते बरोबर आहे. पण जिथे नऊ वर्षांची मुलगी, तिचा कॉलेजातला दादा आणि पहिल्यांदाच रिमोट धरलेली आजी एकत्र बसतात, तिथे हाच नियम सगळ्यांना शेवटच्या वळणापर्यंत शर्यतीत ठेवतो. ‘मारिओ कार्ट’ बनवणारी निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे तो खेळ आपल्याकडे आयात होऊनच येतो. हे मला मनापासून खटकतं.

वेग वाटतो तोही अशाच कारागिरीमुळे. गाडी पळाली की कॅमेरा मागे सरकतो, नजरेचा कोन रुंदावतो, कडेचे खांब जवळून सपकन जातात. ‘बर्नआउट’ मालिकेने यात धोका मिसळला. समोरून येणाऱ्या गाडीला चाटून गेलात की जादा वेगाची टाकी भरते. वळणावर ब्रेक जरासा दाबून सोडायचा, बाकी घसरणं खेळ सांभाळतो. बेसा भागातल्या माझ्या बहिणीच्या घरी भाचा मला शिकवत होता: “मामा, तू ब्रेक दाबूनच ठेवून राहिला ना! सोड, अन् रेस दे.” त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

घरी खेळणाऱ्यांनी एक गोष्ट आजच करावी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. सिनेमासाठी चित्र गुळगुळीत करताना टीव्ही थोडा वेळ खातो. बटण दाबणं आणि गाडी वळणं यात सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर झाला, तर ताशी 200 च्या वेगात गाडी तोवर साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. पोरगा खेळात कच्चा आहे असं वाटतं, दोष मात्र टीव्हीचा असतो.

आई-वडिलांच्या काळजीबद्दलही प्रामाणिकपणे बोलायला हवं. 2007 मध्ये जर्मनीतल्या पीटर फिशर आणि सहकाऱ्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात शर्यतीचे खेळ खेळल्यावर तरुण पुरुषांनी पडद्यावर दाखवलेल्या रस्त्यावरच्या प्रसंगांत जास्त धोका पत्करला. हे प्रयोगशाळेतलं आणि लगेचचं मोजमाप आहे, वर्षानुवर्षांच्या सवयीचं नाही. तरी वर्धा रोडवर रात्री बाइक उडवणारी पोरं पाहणाऱ्याने ते झटकून टाकू नये. म्हणूनच माझा आग्रह एकत्र खेळण्याचा आहे. शेजारी बाप किंवा मावशी बसलेली असते, तेव्हा खरा रस्ता आणि पडद्यावरचा रस्ता यांच्यातला फरक बोलण्यातून पोरांच्या डोक्यात पक्का होतो.

आणि एक मागणी. 2004 मध्ये ‘आउटरन 2’ एक्सबॉक्सवर आणला तो सुमो डिजिटल या इंग्रजी कंपनीने. तिनेच पुढे 2019 मध्ये ‘टीम सोनिक रेसिंग’ बनवला. या कंपनीने 2007 मध्ये पुण्यात स्टुडिओ उघडला, म्हणजे असे खेळ बनवणाऱ्या घराण्याशी मराठी मुलुखाचं नातं जुनं आहे. फोर्झा मेक्सिकोत गेला, जपानला निघाला. मग आपल्या पोरांनी आपल्या रस्त्यांवरची शर्यत का मागू नये? सुझुकीची फाट्यांची रीत घ्या. पहिला टप्पा वर्धा रोडचा, वरून मेट्रो धावणारा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल. तिथून डावा फाटा शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर, पुढे मेहकरजवळ उतरून लोणारच्या विवराकाठी. उजवा फाटा कामठी, मनसर, रामटेकची टेकडी, आणि मग पेंचचा महामार्ग, जिथे पुलांखालून वाघ रस्ता ओलांडतात. तिसरा काटोलच्या संत्रा बागांमधून चिखलदऱ्याच्या घाटाकडे, पावसाळ्यातल्या धुक्यात. रेडिओवरची गाणी निवडायचं काम विदर्भातल्या पोरांकडे द्या. आणि पडदा चौघांत विभागता आलाच पाहिजे, ही अट पहिल्या बैठकीतच लिहून घ्या.