पंधरा अंकांपुढे संगणक विसरतो!
खाते क्रमांक, एचएसएन कोड आणि सातबारा एक्सेलमध्ये लिहिताना घ्यावयाची खबरदारी

शहापूर मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, तर मुरबाड कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. दोन्ही तालुक्यांत भाताची गिरणी, किराणा, मसाले, सुतारकाम, वेल्डिंग, गॅरेज, बेकरी, शिवणकाम असे धंदे करून घर चालविणारे आपले बांधव गावोगाव आहेत. एकेकाळी यांचा सारा हिशेब लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपडीत मावत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्याने कधी संगणकाला हात लावला नव्हता त्याच्याही धंद्यात एक्सेलची शीट शिरली. आज किन्हवलीचा किराणा दुकानदार आणि धसईचा गिरणीवाला आपली यादी व्हॉट्सअॅपवर हिशेबनिसाला पाठवतो.

सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु चोपडी आणि संगणक यांत एक फरक आहे आणि तो व्यापाऱ्याने समजून घेतलाच पाहिजे. चोपडीत जे लिहिले ते तसेच राहते. संगणक मात्र लिहिलेला आकडा आधी स्वतः वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि मगच साठवतो. अर्थ चुकीचा लागला तर साठवलेला आकडा आपण लिहिलेला आकडा राहत नाही, आणि बहुतेक वेळा संगणक त्याची सूचनाही देत नाही.

शेवटचा अंक शून्य होतो

एक्सेलच्या कोऱ्या शीटवर १२३४५६७८९०१२३४५६ हा १६ अंकी आकडा टाकून एंटर दाबा. मग त्या चौकटीवर पुन्हा क्लिक करून वरच्या पट्टीत पाहा. तेथे १२३४५६७८९०१२३४५० असे दिसेल. शेवटचा ६ गेला, त्याच्या जागी शून्य आले. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपून ठेवते, पुढचे अंक शून्य करते.

याचे कारण यंत्र बिघडले असे नाही. संगणक संख्या ठेवतो ती ठराविक मापाच्या डब्यात. १९८५ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हा डबा ६४ बिटांचा असतो आणि त्यात साधारण १५ ते १६ अंकच खात्रीने मावतात. रुपये-पैशांच्या हिशेबाला हे माप भरपूर आहे. जवळजवळ दहा लाख कोटी रुपयांपर्यंतची रक्कम पैशांसह १५ अंकांत बसते. अडचण येते ती जे आकड्यासारखे दिसते पण मुळात आकडा नाही, अशा गोष्टींची.

बँकेचा खाते क्रमांक ही अशीच गोष्ट. त्याची कोणी बेरीज करीत नाही, त्याला कोणी टक्का लावीत नाही. ते अंकांनी लिहिलेले नाव आहे. स्टेट बँकेचा खाते क्रमांक ११ अंकी, बँक ऑफ बडोदाचा १४ अंकी. म्हणून तेथे शेवटचा अंक वाचतो. पंजाब नॅशनल बँकेचा १६ अंकी आहे. तो साधा टाइप केला की शेवटचा अंक गेलाच. ज्या क्रमांकाच्या शेवटी मुळातच शून्य आहे तो मात्र बरोबर दिसतो, त्यामुळे दहातली एखादी नोंद तपासून 'यादी ठीक आहे' म्हणणारा फसतो.

पैसा क्रमांकावर जातो, नावावर नाही

यात धोका किती? रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात स्पष्ट केले की एनईएफटी, आरटीजीएस यांसारख्या व्यवहारांत रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येते, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची. म्हणजे यादीत नाव अगदी शुद्ध लिहिले असले तरी त्याचा आधार धरता येत नाही. चुकीच्या क्रमांकाचे खातेच नसेल तर रक्कम परत येते, फक्त वेळ जातो. पण तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला तर बँकेत अर्ज, विनंत्या आणि खेपा.

पुढे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांना पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय देण्यास सांगितले. मोबाईलवरून किंवा शाखेतून एकेक रक्कम पाठविताना या सोयीचा जरूर उपयोग करावा. परंतु कारागिरांची मजुरी, पतपेढीचे कर्जवाटप, मोहल्ला कमिटीने मुलांना द्यायची शिष्यवृत्ती असे व्यवहार यादीने होतात. ज्याच्या घरी त्या पैशांची वाट पाहिली जात आहे त्याला शेवटच्या अंकाची गोष्ट सांगून चूल पेटत नाही. तेव्हा यादीच शुद्ध हवी.

आधार क्रमांक आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. तो १५ अंकांच्या आत बसतो खरा, पण १२ किंवा अधिक अंक दिसले की एक्सेल तो १.२३४५७ई+११ अशा रूपात दाखवते. रकाना रुंद करून संख्येचे साधे रूप निवडले की अंक परत दिसतात. मात्र तीच शीट त्याच अवस्थेत सीएसव्ही फाईल म्हणून जतन केली तर फाईलमध्ये जे दिसते तेवढेच लिहिले जाते आणि उरलेले अंक कायमचे जातात. बँका आणि सरकारी पोर्टल अनेकदा याच प्रकारची फाईल मागतात, हे ध्यानात असू द्या.

पुढचे शून्य आणि गट नंबराची तारीख

शेवटच्या अंकासारखीच गत सुरुवातीच्या शून्याची. ००७ आणि ७ ही संगणकाच्या दृष्टीने एकच संख्या. म्हणून तो पुढची शून्ये टाकून देतो. बिल क्रमांक ००७ चा ७ झाला की आपल्या विवरणपत्रात एक आणि ग्राहक व्यापाऱ्याच्या नोंदवहीत दुसरा क्रमांक राहतो. मग इनपुट क्रेडिट जुळविताना फोनाफोनी सुरू होते.

एचएसएन कोडचेही तेच. तांदळाचा कोड १००६, बेकरी मालाचा १९०५. हे सुखरूप राहतात. पण मिरचीचा ०९०४, हळद-आल्याचा ०९१०, खजुराचा ०८०४, कोंबडीच्या मांसाचा ०२०७. ही शून्ये गळाली की ९०४, ९१०, ८०४, २०७ असे तीन अंकी कोड उरतात आणि तसे कोड नाहीतच. मसाले, फळे आणि मटण-चिकनच्या व्यापाऱ्यांनी म्हणून विशेष जपावे. जीएसटी क्रमांकात अक्षरेही असल्यामुळे त्याला हा धोका नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो आणि त्याचा इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता आला की गोदाम, ढाबा, गॅरेज यांसाठी जमीन पाहणारे येतात आणि गट नंबरांच्या याद्या फिरू लागतात. एक्सेलमध्ये १२/३ असा हिस्सा नंबर टाकला की संगणक ती तारीख समजतो. त्याच्या सेटिंगप्रमाणे ती १२ मार्च होते किंवा ३ डिसेंबर. सातबारावरील क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असे तीन तुकड्यांत असते. १.१०.०० असे लिहिले तर संगणक बहुधा तो मजकूर समजून बेरजेतून वगळतो. केवळ १.१० लिहिले तर शेवटचे शून्य गाळून १.१ दाखवतो, आणि सातबारा वाचायची सवय असलेला माणूस ते 'एक हेक्टर एक आर' असे वाचतो. फरक ९ आरचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांचा! सौदा करताना शीट बाजूला ठेवून मूळ उतारा पाहावा तो यासाठीच.

पैशापैशांचे कोडे

आता खऱ्या रकमांकडे वळू. दहा रुपये तीन भावांत वाटले तर ३.३३३३ असे लिहीत जावे लागते, ते कधी संपत नाही. कोठेतरी थांबावे लागते आणि पैसाभर उरतो. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो, त्यामुळे आपल्याला अगदी सोपे वाटणारे दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दहावा भाग, त्याच्या पद्धतीत असेच न संपणारे होतात. तो अत्यंत जवळची संख्या ठेवतो, नेमकी नव्हे. म्हणूनच कधी कधी उधारी पूर्ण फिटलेली असूनही 'बाकी शून्य आहे काय' या तपासणीला शीट 'नाही' म्हणते.

इतक्या बारीक फरकाने काय होणार, असे कोणी म्हणेल. कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो पुन्हा मोजला जाई आणि तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक जवळच्या अंकात न मिळविता सरळ कापले जात. दिवसाला सुमारे तीन हजार वेळा असे कापत कापत नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२५ च्या आसपास आला. नीट मोजल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. निम्म्याहून अधिक किंमत केवळ कापाकापीत गेली होती!

आपल्या बिलातही हे घडते. समजा ९ रुपये ५० पैशांच्या १०० वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि कर ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच व राज्याचा अडीच. प्रत्येक ओळीवर अडीच टक्के २३.७५ पैसे होतात, ते २४ पैसे धरले तर दोन्ही मिळून कर ४८ रुपये. एकूण ९५० रुपयांवर एकदाच काढला तर ४७ रुपये ५० पैसे. दोन्ही बेरजा बरोबर आहेत, फरक फक्त पूर्णांक कोठे केला याचा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात आणायची असते: ५० पैसे किंवा अधिक असल्यास पुढचा रुपया, कमी असल्यास सोडून द्यायचे. ओळीवर की बेरजेवर, ही पद्धत एकदा हिशेबनिसाशी ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा.

दशांश अपूर्णांकांचा हिशेब हा विषय आपल्याला परका नाही. समरकंदचे गणिती जमशीद अल-काशी यांनी १४२४ साली पायची किंमत दशांश चिन्हापुढे १६ स्थळांपर्यंत हाताने काढली. तेवढे अंक एक्सेलमध्ये आजही मावत नाहीत. १४२७ साली पूर्ण केलेल्या 'मिफ्ताह अल-हिसाब' या ग्रंथात त्यांनी दशांशांची रीत हिशेब करणाऱ्या सर्वांसाठी मांडली. किती अंक धरायचे हे हिशेब करणाऱ्याने आधी ठरवायचे असते, यंत्रावर सोडायचे नसते.

एवढे कराच

१. ज्याची बेरीज करायची नाही ते मजकूर म्हणून लिहा. खाते क्रमांक, आधार, मोबाईल, एचएसएन, बिल क्रमांक, गट नंबर यांचे रकाने टाइप करण्यापूर्वीच 'टेक्स्ट' करून घ्या. नंतर केल्यास गेलेले अंक परत येत नाहीत.

२. एखादीच नोंद असेल तर क्रमांकाआधी एकेरी अवतरणचिन्ह (') द्या. ते छापून येत नाही, पण क्रमांक जसाच्या तसा राहतो.

३. दुसऱ्याकडून आलेली सीएसव्ही फाईल थेट डबल क्लिकने उघडू नका. एक्सेलमधून आयात करा आणि क्रमांकांचे रकाने टेक्स्ट निवडा.

४. यादी बँकेत देण्यापूर्वी अंकांची संख्या मोजा आणि प्रत्येक क्रमांक पासबुकाशी ताडून पाहा. सर्व क्रमांकांच्या शेवटी शून्य दिसले तर यादी तेथेच थांबवा.

५. नव्या खात्यावर मोठी रक्कम पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव तपासा किंवा एक रुपया पाठवून पोचल्याची खात्री करा.

६. रकमेचे सूत्र लिहिताना 'राउंड' वापरून दोन दशांश स्थळे ठरवा.

७. जमिनीचे हेक्टर, आर आणि चौरस मीटर तीन वेगळ्या रकान्यांत लिहा.

या सात गोष्टींना पैसा लागत नाही आणि नवे सॉफ्टवेअरही लागत नाही. दुकानात संगणकावर बसणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हा मजकूर त्यांच्यासमोर ठेवा आणि आजच एक जुनी यादी उघडून खाते क्रमांकांचा रकाना तपासायला सांगा.