उंबरठ्यापलीकडची शाळा : अकोले तालुक्यातील विद्यार्थ्यांची वाटचाल

जूनच्या मध्यास सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस स्थिरावू लागतो. डांगाणात भाताच्या रोपांची कामे चालू असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत राजूरकडे जाणाऱ्या एस. टी. गाड्यांमध्ये पत्र्याच्या पेट्या चढू लागतात. पेटीत दोन जोड कपडे, ताट-वाटी, एखादे पांघरूण. सोबत आई किंवा चुलता. गावातील चौथी संपवून मूल आश्रमशाळेच्या पाचवीत निघालेले असते. शाळेच्या दप्तरी या घटनेची नोंद ‘वरच्या वर्गात प्रवेश’ एवढीच होते. मुलाच्या लेखी मात्र ते घर सोडणे असते.

शिक्षणाच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात जाणे म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होणे, असे सामान्यतः समजले जाते. अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेल्या अकोले तालुक्यात ही समजूत अपुरी पडते. तालुक्याच्या पूर्वेस प्रवरेकाठची बागायत व अकोले शहर आहे. पश्चिमेस १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण. या डोंगराळ पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. राज्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत व उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावयास हवी. त्यामुळे वाडीवर शाळा पोहोचली. तथापि ती बहुधा चौथी-पाचवीपर्यंतच असते. पुढचे वर्ग मोठ्या गावी, त्यापुढचे राजूर, कोतूळ किंवा शेंडी येथे आणि महाविद्यालय राजूर, अकोले वा संगमनेर येथे. अशा रीतीने येथे प्रत्येक वरची इयत्ता हे निराळे गाव ठरते.

आश्रमशाळांची योजना राज्यात १९७२-७३ पासून क्षेत्रविकासाच्या दृष्टीने विस्तारली. १९८३ मध्ये आदिवासी विकास विभाग स्वतंत्र झाला. अकोले तालुक्यासाठी राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. निवास, भोजन, पुस्तके यांची तरतूद शासनाकडून होते, हे खरे. परंतु पाचवीत आलेल्या मुलास पहिल्या काही आठवड्यांत जाणवते ते वेगळेच. घरी ज्या वेळी गुरे सोडावयाची, त्या वेळी येथे प्रार्थनेची घंटा होते. घरची बोली वर्गात उच्चारताच कोणी हसले, तर ते मूल पुढे महिनाभर तोंड उघडत नाही आणि शिक्षकाच्या नोंदीत ‘अप्रगत’ ठरते. वस्तुतः त्यास कितीतरी रानभाज्या, भाताच्या जाती व पाखरांचे आवाज ठाऊक असतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी बियाणे जतन करण्याच्या कार्याबद्दल त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्या ज्ञानाचा असा गौरव होतो, त्यास पाचवीच्या वर्गात विचारणारे कोणी नसावे, ही विसंगतीच होय.

या काळात मूल टिकते ते बहुधा ओळखीच्या चेहऱ्यामुळे. एकाच वाडीची दोन मुले एकाच खोलीत ठेवली, तर घरची ओढ निम्म्याने सुसह्य होते. या उपायास खर्च येत नाही. त्याचप्रमाणे दिवाळीच्या सुट्टीकडे विशेष लक्ष हवे. सुट्टीनंतर मूल परतले नाही, तर त्याचे नाव पटावर राहते आणि ते प्रत्यक्षात भात काढणीनंतर मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूस गेलेल्या आई-वडिलांसोबत असते. अशा वेळी पहिल्याच आठवड्यात चौकशी होणे इष्ट. महिना लोटल्यावर मुलाची परत येण्याची लाज वाढलेली असते.

आठवी ते दहावीचा काळ तुलनेने सरळ जातो, कारण शाळा बहुधा तीच राहते. मात्र सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आठवीपाशी, म्हणजे चौदाव्या वर्षी, संपतो. त्यापुढे मूल शाळेत राहिले पाहिजे असे म्हणणारा कायदा नाही. मुलींच्या बाबतीत तर लग्नाची बोलणी याच सुमारास सुरू होतात. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास मिळतो. परंतु शाळा सुटल्यानंतरची गाडी चुकली की पुढची केव्हा, हा प्रश्न पासाने सुटत नाही. ग्रामसभेने गाडीच्या वेळेबाबत आगाराकडे ठराव पाठविणे हे शैक्षणिक कार्यच समजावयास हवे.

सर्वांत अवघड उंबरठा दहावीनंतरचा. दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्यापूर्वी अकरावी मॅट्रिक म्हणजे शाळेची अखेर होती. आज तीच अकरावी कनिष्ठ महाविद्यालयाची सुरुवात आहे. मराठीतून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत गेला, की भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र एकाच वेळी इंग्रजीतून समोर येतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ ज्यास उत्तम समजले होते, त्याला तीच क्रिया परकी वाटू लागते. बुद्धी तीच, विषयही तोच. पण पहिल्या चाचणीतील गुण पाहून विद्यार्थी आपण कच्चे आहोत असा निष्कर्ष काढतो आणि शाखा बदलतो किंवा घरी परततो. दहावीच्या अखेरच्या महिन्यांत शास्त्रीय संज्ञांची मराठी-इंग्रजी वही शिक्षकांनी करून घेतली, तर हा धक्का पुष्कळ सौम्य होईल. शिवाय २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्यात लागू झाली आहे. मोबाईलला संपर्क मिळावा म्हणून टेकडीवर चढावे लागणाऱ्या वाडीतील विद्यार्थ्यास पसंतीक्रम भरून देण्यास कोणी जाणते माणूस लागते. हे काम ग्रामपंचायतीच्या कार्यालयात होऊ शकते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो व शिक्षण हा त्या खर्चाच्या बाबींपैकी एक आहे.

बारावीनंतर वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. तीत भोजन-निवासाची रक्कम बँक खात्यात जमा होते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घ्यावयाचा, तर जात प्रमाणपत्राची पडताळणी आवश्यक ठरते आणि येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे मोलाचे मानले जातात. त्यांत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यास मोठे महत्त्व. पण ज्याचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्याने तो दाखला कोठून आणावा? घराण्यातील पहिला शिकणारा म्हणून ज्याचे कौतुक व्हावे, तो त्याच कारणाने खोळंबतो. गाव नमुना चौदामधील, म्हणजे कोतवाल बुकातील, जन्म-मृत्यूच्या नोंदी अशा वेळी उपयोगी पडतात. त्या नकलेसाठी अकोल्यास तहसील कार्यालयात एकाहून अधिक खेपा घालाव्या लागण्याचा संभव असतो. म्हणून हा शोध बारावीच्या निकालानंतर न करता अकरावीच्या दिवाळीतच हाती घेणे बरे. तेव्हा भात निघालेले असते आणि वडिलांनाही सोबत येता येते.